कोर्टाची पायरी

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,' ही म्हण आमच्या घरात तीन पिढ्यांची. माझ्या धाकट्या, विधवा बहिणीलाही मी तीच ऐकविली, आणि त्याची टोचणी आजही मनाला आहे.

तिचा मुलगा जन्मापासून कानांनी अधू. सहावे वर्ष सरल्यावर ती त्याला घेऊन गावच्या शाळेत गेली, तेव्हा 'असली मुले येथे शिकत नसतात, दूरची खास शाळा पाहा,' असे तिला सांगण्यात आले. ती रडत माझ्याकडे आली. मी म्हणालो, "बाई, देवाची इच्छा. मोठ्यांशी वैर कशाला?" पोर वर्षभर गुरांमागे हिंडले.

२०२२ च्या ऑक्टोबरातील एका रविवारी मिस्सेत अन्यायी न्यायाधीश व विधवा यांचा दृष्टान्त वाचला गेला. मिस्सा संपल्यावर बहीण एवढेच बोलली, "दादा, तिला भाऊ नसेल, म्हणून ती एकटी गेली असेल." ते शब्द मला झोंबले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे गेलो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले व दिव्यांग यांना, उत्पन्न न विचारता, विनामूल्य वकील मिळतो, हे मला तेथे कळले. लिहिता येत नसेल, तर तक्रार तोंडी सांगावी. तेथे ती लिहून घेतात.

वकीलसाहेबांनी आम्हांला २०१६ चा दिव्यांग हक्कांचा कायदा समजाविला. सरकारी वा सरकारमान्य शाळेला अशा मुलास दारातून परत पाठविता येत नाही. शिवाय दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचा दाखला असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या किंवा आपल्या पसंतीच्या खास शाळेत मोफत शिक्षण हा त्याचा हक्क आहे. हेच त्यांनी शाळेला पत्राने कळविले. खटला उभा राहिलाच नाही. नाताळापूर्वी भाचा पहिल्या बाकावर बसला. बाई आता त्याच्याकडे तोंड करून शिकवितात. आईचे नाव लिहिलेली त्याची पहिली पाटी घरातील क्रूसाखाली ठेवलेली आहे.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामात असे मूल घरी बसले असेल, तर त्याच्या आईला हे सांगा. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी केल्यासही मार्गदर्शन मिळते. शहाण्याने पायरी चढू नये, हे खरे असेलही. पण आईला ती चढावी लागली, तर भावाने मागे राहू नये.