हिमवाघ आणि माझा लाल पेन



आमच्या गडमुडशिंगीत बर्फ बघायचा तर गोळ्याच्या गाडीवर. तरीही सहावीच्या लेखनाच्या तासाला मी मुलांना बर्फातला अवाढव्य शिकारी प्राणी तयार करायला सांगितला. कारण 'माझा आवडता प्राणी' तपासून कंटाळलो होतो. प्रत्येक वहीत गाईला चार पाय आणि दोन शिंगे!

कल्पना 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळावरून घेतली. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी तो आणला. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे पात्रे होऊन काय करायचे ते ठरवतात. जमले की फसले ते फासा सांगतो. श्वासातून गारठा सोडणारा लांडगासुद्धा त्यात आहे. आम्ही सापशिडीचा फासा घेतला आणि प्राण्यासाठी चार प्रश्न ठरवले : केवढा? कुठे राहतो? काय खातो? कशाला भितो?

एरवी तीन ओळींत निबंध संपवणाऱ्या एका मुलाने दीड पान लिहिले. त्याचा हिमवाघ एसटीएवढा, कान सुपाएवढे. एक मुलगी म्हणाली, "एवढ्या कानांतनं सगळी ऊब जाईल की!" खरेच होते. ध्रुवीय अस्वलाचा नर ३५० ते ७०० किलोचा, पण कान आणि शेपूट आखूड. मोठ्या अंगाची ऊब हळू जाते. लांब कानांतून लवकर. मुलाने लगेच कान छोटे केले.

"आणि एवढं धूड खातंय काय?" मी विचारले.

"सील मासे. पण त्यो एकटाच ऱ्हातोय सर. दुसरा आला तर दोघंबी उपाशी मरतील."

सील मासा नाही, हे नंतर सांगता आले असते. पण अन्नसाखळीची आकृती मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढतोय. हे एका वाक्यात कुणी सांगितले नव्हते.

आणि मी काय केले? वही घरी नेली आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या १९ चुकांना लाल गोल केले. दुसऱ्या दिवशी तो हळूच म्हणाला, "सर, परत म्हशीवरच लिवू?"

पोटात कालवले. त्याला वर्गासमोर वाचायला लावले. वाचताना वेलांटी दिसत नाही. पोरं गप्प बसून ऐकत होती. मग दोघांनी बसून पाचच शब्द दुरुस्त केले. उरलेले पुढच्या तासांना.

आता कुठलीही वही उघडली की आधी एक प्रश्न विचारतो : "मग पुढं काय झालं?" पालकांनीही घरी तेवढे विचारावे. पेन नंतर काढावा.