गाडीखालचा पाटा

पाटा पाहायचा तर मातीत उताणं पडून गाडीखाली सरकावं लागतं. इंजिनाचं कौतुक बॉनेट उघडून होतं, टायरला येता-जाता लाथ मारून हवा बघितली जाते. पाट्याची चौकशी होते ती तो तुटल्यावर. औरादहून उदगीरच्या मोंढ्याकडे तूर, उडीद, सोयाबीन घेऊन निघालेल्या टेम्पोचं सगळं ओझं मात्र याच्याच पाठीवर असतं.

औराद हा बीदर जिल्ह्याचा उत्तरेकडचा तालुका. १९५६ साली हैदराबाद राज्याचा मुलूख वाटला गेला तेव्हा उदगीर मुंबई राज्यात गेलं, औराद म्हैसूर राज्यात आलं. माल मात्र आपल्या जुन्याच वाटेने जात राहिला. पाट्याला या सीमेचं सोयरसुतक नाही. त्याचं वैर आहे ते काळ्या मातीशी. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या रस्त्याला आपल्यासोबत हलवते. डांबर नवं असलं तरी खालची जमीन स्वभाव सोडत नाही. चाक खड्ड्यात गेलं की पहिला हिशेब पाट्याला द्यावा लागतो.

पोलादाचा हा पट्टा जन्मतःच वाकडा. कारखान्यातून येतो तोच कमानीसारखा. म्हणून कुणी त्याला कमानपाटा म्हणतं. आणि तो एकटा कधीच नसतो, एकत्र कुटुंबच असतं ते. सर्वांत लांब तो मेन पाटा, म्हणजे थोरला. त्याची दोन्ही टोकं गोल वळवलेली. त्यांत बुश बसतो, बुशात पिन, आणि त्या पिनांवर थोरला चेसीला धरून असतो. बाकीची भावंडं उतरत्या उंचीने त्याच्या पोटाशी. सगळ्यांत धाकटं वीतभरच, पण एक्सलच्या अगदी जवळ. ही उतरंड शोभेसाठी नाही. ओझ्याचा वाकवणारा जोर मधोमध सर्वांत जास्त असतो आणि टोकांकडे कमी होत जातो. जिथे जोर जास्त तिथे माणसं जास्त, एवढंच.

या घरातली खरी गोम गठ्ठा सोडवल्यावर कळते. धाकटे पाटे थोरल्यापेक्षा जरा जास्तच वाकडे केलेले असतात. नुसते एकावर एक ठेवले तर मधे फट राहते. सेंटर बोल्ट आवळला की फट मिटते आणि प्रत्येक धाकटा वरच्याला रेटून धरतो. गाडीत पोतं चढायच्या आधीच या कुटुंबात ताण भरलेला असतो, आणि तोच थोरल्याचा भार हलका करतो. म्हणून अनुभवी मिस्त्री सेंटर बोल्ट सोडवताना गठ्ठा आधी शिकंज्यात धरतो. नाहीतर पाटे उसळून अंगावर येतात.

इतक्या जणांपेक्षा एकच जाडजूड पाटा का नको? दोन सारखे पाटे एकावर एक ठेवले तर ताठपणा दुप्पट होतो. दुप्पट जाडीचा एकच टाकला तर तो आठपट होतो. असला ताठ गडी ओझं उचलेल, पण खड्डा पचवणार नाही. वाकणं हीच याची नोकरी आहे, आणि पुष्कळ पातळ मिळून वाकतात तेवढा एक जाड वाकत नाही.

वाकला की कमान सपाट होते, आणि सपाट झाली की लांबते. दोन्ही टोकं पक्की बांधली असती तर बिचाऱ्याला हलताच आलं नसतं. म्हणून एक टोक हँगरला पिनने जखडलेलं, आणि दुसरं, बहुधा मागचं, शॅकलवर झोके घेणारं. जखडलेलं टोक एक्सलला जागेवर ठेवतं, झुलणारं पाट्याला जागा देतं. मधोमध यू-बोल्ट गठ्ठ्याला एक्सलशी करकचून धरतात. सेंटर बोल्ट बारीक. त्याचं काम पाटे एकत्र धरण्याचं आणि जागा दाखवण्याचं, धक्का सोसण्याचं नाही. यू-बोल्ट सैल पडले की धक्का त्या बारक्यावर येतो. तो तुटतो, एक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते.

स्वभावाने पाटा कुरकुरा. पाटे एकमेकांवर घासतात. त्या घासण्यानेच गाडीची उसळी लवकर शमते. पण गंज चढला की ती कुरकुर करकर होते. पिनांना वेळच्या वेळी ग्रीस मिळालं की तो बराच काळ निमूट राहतो.

त्याचं कूळ घोडागाडीचं. ओबादाया इलियट या इंग्रजाने १८०४ मध्ये घोडागाडीसाठी अशा कमानींचं पेटंट मागितलं. आपल्याकडे १९८६ ची टाटा ४०७ आली, २००५ चा टाटा एस म्हणजे छोटा हत्ती आला, आणि दोन्हींच्या पोटाखाली हाच. आता नव्या गाड्यांत मधे जाड आणि टोकांकडे निमुळते असे दोन-तीनच पाटे येतात. ते एकमेकांना फारसे घासत नाहीत. कुटुंब लहान झालं, भांडणं कमी झाली.

सुगीत गॅरेजात एक संवाद ठरलेला.

"उस्ताद, पाटा बसलाय बगा. एक वाढीव टाका."

"टाकतो की. पण मालक, पोती कमी करनार का?"

मालक हसतो. पाटा वाढतो, पोतीही वाढतात. गाडी उंच दिसते, मालकाला वाटतं प्रश्न मिटला. मिटत काहीच नाही. पाट्याने जेवढं सोसायचं नाकारलं तेवढं एक्सलकडे, टायरकडे, चेसीच्या जोडांकडे आणि शेवटी ड्रायव्हरच्या कमरेकडे जातं. परतीच्या रिकाम्या फेरीत तर गाडी प्रत्येक खड्ड्याला उडते. ताठ केलेला पाटा हाडाला कळतो.

तो तुटतो तोही एका दिवसात नाही. बहुधा मधल्या भोकापाशी किंवा वळवलेल्या टोकाजवळ केसाएवढी चीर पडते आणि रोज थोडी सरकते. तुटलेला तुकडा हातात घेतला तर इतिहास वाचता येतो: काळपट, गंजलेला भाग जुन्या चिरेचा, चकचकीत दाणेदार भाग आजचा. काळा भाग मोठा असेल तर आजच्या खड्ड्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. वेल्डिंग करून तो जोडूही नये. या पोलादाला तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून लवचीकपणा दिलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने तो जातो आणि पाटा जोडाशेजारीच पुन्हा तुटतो.

मग त्याची रवानगी लोहाराकडे, घिसाड्याच्या भात्याकडे. असलं पोलाद त्याला बाजारात सहज मिळत नाही. तापवून, ठोकून, धार काढून आणि नव्याने पाणी देऊन तो त्याचा कोयता करतो, विळा करतो, कुऱ्हाड करतो. पोलाद तेच, चाकरी उलटी. टेम्पोखाली वाकला नसता तर मालकाने बदलला असता. कोयता होऊन वाकला, तर गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी परत आणून टाकेल.