अंगातलं औषध

"ताई, पंचाचा स्पर्शसुद्धा सोसवत नाही गं," न्हाणीघराच्या दारात उभा राहून धाकटा भाऊ म्हणाला, तेव्हा मी फणकाऱ्यानं म्हटलं, "नाटकं पुरे झाली. सुटायचं असेल तर थोडं सोसावंच लागतं." आज ते वाक्य आठवलं की जीव कसनुसा होतो.

झालं होतं असं. त्याला खोकल्याच्या औषधाचं व्यसन जडलं होतं. पहिली बाटली खरोखरच खोकल्यासाठी आणलेली. खोकला गेला, बाटली राहिली. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. आईला त्याच्या पलंगाखाली रिकाम्या बाटल्यांची पिशवी सापडली तेव्हा कुठं घरात कळलं. चारचौघांत बभ्रा नको म्हणून तिनं त्याला माझ्याकडे पाठवलं. मीही पदर खोचून तयार! औषध बंद, खिशात पैसा नाही, एकट्यानं बाहेर जाणं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी, सारख्या जांभया, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शेवटी ह्यांनी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना घरी आणलं.

"वहिनी, हे नाटक नाही," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी मला सगळं नीट समजावलं.

अशा काही औषधांत कोडीन असतं. ते अफूच्याच कुळातलं. पोटात गेल्यावर यकृतात त्याच्या काही भागाचं मॉर्फिन होतं. गंमत म्हणजे मॉर्फिनसारखं द्रव्य आपलं शरीर स्वतःच तयार करत असतं! १९७५ साली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ या शास्त्रज्ञांनी डुकरांच्या मेंदूतून असं द्रव्य शोधून काढलं. या जातीच्या द्रव्यांना एंडॉर्फिन म्हणतात, म्हणजे आतलं मॉर्फिन. विळीनं बोट कापलं तरी आपण स्वयंपाक उरकतो, बाळंतपणाच्या कळा सोसतो, पोटभर हसल्यावर हलकं वाटतं, त्यात या आतल्या औषधाचा हात असतो.

पण बाहेरून आयतं आणि भरमसाट मिळू लागलं, की शरीर सुस्तावतं. आतलं औषध कमी पडतं, आणि ते जिथं लागू व्हायचं त्या जागाही बोथट होतात. म्हणून डोस वाढवावा लागतो. आणि तो एकदम बंद केला की माणूस अक्षरशः उघडा पडतो. साधा पंचाही टोचतो. दारूसुद्धा हेच आतलं औषध उसळवून गोडी लावते, हे मला तेव्हाच कळलं.

मी मान खाली घातली. शाळेत मुलांना 'मनाचा निग्रह' शिकवणारी मी. पण निग्रहालाही शरीराची साथ लागते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पुण्याला १९८६ साली अवचट पतिपत्नींनी सुरू केलेल्या मुक्तांगणचं नाव ऐकून होते, पण असलं काही आपल्या घराला कशाला लागेल, अशीच समजूत! अखेर लाज बाजूला ठेवून आम्ही भावाला व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. औषधांच्या आधारानं त्याचे पहिले आठ-दहा दिवस पार पडले. मन आणि झोप ताळ्यावर यायला मात्र काही महिने लागले.

मैत्रिणींनो, दोन गोष्टी सांगते. असं व्यसन घरच्या घरी, धाकानं सोडवायला जाऊ नका, डॉक्टरांना गाठा. आणि सुटल्यावरही सावध राहा. शरीराची सवय मोडलेली असते; अशा वेळी माणसानं पूर्वीइतकाच डोस घेतला, तर श्वास थांबून जीव जाऊ शकतो.

आता तो रोज सकाळी ह्यांच्याबरोबर फिरायला जातो. परवा न्हाणीघरातून त्याचं गुणगुणणं ऐकू आलं. तोच खरखरीत पंचा खसाखसा अंगावर फिरवत तो बाहेर आला आणि म्हणाला, "ताई, चहा टाक गं."

मी आधण ठेवलं. डोळे पुसायला माझा पदर होताच.