चाळीस हजार डाउनलोड, दोनशे बारा गिऱ्हाईकं

मंडळी, तुमच्या मोबाइलवर आत्ता किती गेम्स आहेत? आणि त्यातल्या कितींसाठी खिशातून पैसे गेलेत? राहू दे, उत्तर देऊ नका. मी काही वसुलीला आलेलो नाही. फक्त एवढंच सांगायचंय की या दोन आकड्यांमधल्या खड्ड्यात मी आयुष्याची चांगली दहा वर्षं काढली आहेत, त्यामुळे तिथला भूगोल मला बऱ्यापैकी पाठ आहे.

मी मूळचा तीर्थपुरीचा. जालना जिल्हा, घनसावंगी तालुका, चहूबाजूंनी ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या भागातल्या कारखान्याच्या यार्डात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची अशी काही गर्दी होते, की मधली एक गाडी काढायची तर आधी पाच हलवाव्या लागतात. लहानपणी अण्णांबरोबर नंबर यायची वाट बघत मी तासन् तास ते दृश्य पाहिलंय. पुढे पुण्यात नोकरीला लागलो, शेअर्ड फ्लॅट, रविवार रिकामा, हाताशी जोडून-जाडून तयार केलेला पीसी. त्यातून २००३ च्या दिवाळीत माझा गेम तयार झाला. चौकटीत अडकलेल्या ऊसगाड्या सरकवायच्या आणि आपली गाडी गव्हाणीपर्यंत पोचवायची. साठ लेव्हल्स. फाईल जेमतेम तीन एमबी.

विकायची पद्धत होती शेअरवेअर. आजच्या वाचकांना हा शब्द बाबा आदमच्या काळातला वाटेल. आधी वापरा, आवडलं तर पैसे द्या, एवढाच त्याचा अर्थ. १९८२ मध्ये अमेरिकेत जिम नॉफ आणि अँड्र्यू फ्लूगेलमन या दोघांनी आपापली सॉफ्टवेअर्स याच विश्वासावर लोकांना वाटायला सुरुवात केली होती. माझ्या वेळेपर्यंत विश्वासाच्या जोडीला कुलूप आलं होतं. गेम साठ मिनिटं फुकट खेळायचा, मग बंद पडायचा. पुढे खेळायचं तर १२.९५ डॉलर भरून कोड घ्यायचा. म्हणजे तेव्हाचे पावणेसहाशे रुपये!

डाउनलोडचा काउंटर मात्र काय पळायला लागला म्हणता! शंभर, पाचशे, दोन हजार. सकाळी दात घासायच्या आधी मी तो बघायचो. ऑफिसात बॉसची पाठ वळली की पुन्हा. क्रेडिट कार्डाचं पहिलं बिल आलं त्या महिन्यात काउंटरने पाच हजार ओलांडले होते आणि मला चक्क श्रीमंत झाल्यासारखं वाटत होतं.

आता त्या काउंटरची गंमत सांगतो. तीर्थपुरीत माझा चुलतभाऊ होता, त्याच्याकडे डायल-अप आलं होतं. "दादा, तुझा गेम उतरवतो," म्हणाला. तीन एमबी म्हणजे सगळं सुरळीत असेल तर दहा-पंधरा मिनिटं. पण ते भारनियमनाचे दिवस. पहिल्यांदा लाइन तुटली, दुसऱ्यांदा लाइट गेले, तिसऱ्यांदा काकूंनी फोन लावायला रिसीव्हर उचलला. चौथ्यांदा उतरला. माझ्या सर्व्हरवर चार डाउनलोड जमा! डायल-अपला दरवेळी नवा आयपी पत्ता मिळायचा, त्यामुळे तेही चार वेगवेगळी माणसं असल्यासारखे. त्यात डाउनलोड मॅनेजर नावाचे प्रोग्राम एकच फाईल तुकड्या-तुकड्यांनी ओढायचे, तेही कित्येकदा वेगळे मोजले जायचे. शिवाय सर्च इंजिनांचे रोबो. आणि शेकडो डाउनलोड साइट्स, ज्या कोणत्याही गेमला न उघडताच 'फाइव्ह स्टार' देऊन मोकळ्या व्हायच्या. २००७ मध्ये अँडी ब्राइस नावाच्या एका ब्रिटिश शेअरवेअरवाल्याने नुसती टेक्स्ट फाईल प्रोग्राम म्हणून या साइट्सना पाठवली. ती चालूच शकत नव्हती. तिला एक डझनाहून जास्त पुरस्कार मिळाले! तेव्हा माझ्या पंचतारांकित गेमबद्दल मी काय ते समजलो.

उलटं गणितही आहे, बरं का. चुलतभावाला मी प्रेमाने कोड दिला. त्याने तो गावातल्या एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये सगळ्या मशीनवर टाकला. 'एक्सेल'चा तास संपला की पोरं गाड्या सरकवत बसायची. माझा गेम जगात सगळ्यात मन लावून बहुधा तिथेच खेळला गेला, आणि ती पोरं ना डाउनलोडमध्ये दिसत होती, ना विक्रीत.

आणि ही खरी विक्री? महिन्याला पाच-सहा. पैसे थेट यायचे नाहीत. परदेशातली विक्री कंपनी आपलं कमिशन कापून शंभर डॉलर साठले की चेक पाठवायची. तो डॉलरचा चेक वटायला बँकेत कित्येक आठवडे लागायचे, वर वटणावळ वेगळी. काउंटरवरचा माणूस दरवेळी चेककडे आणि मग माझ्याकडे असा बघायचा, की मला हवालाचा संशय आपल्यावरच आहे असं वाटायचं.

२००६ च्या शेवटी काउंटर चाळीस हजारावर गेला आणि मी नोकरी सोडायचं मनावर घेतलं. नेमकं त्याच सुमाराला घरच्यांनी माझं लग्न मनावर घेतलं. अंबडला बघण्याचा कार्यक्रम. पोह्यांच्या बशा हातात आल्या आणि मामांनी सुरुवात केली, "आमच्या भाच्याचा गेम चाळीस हजार लोकांनी घेतलाय. अमेरिकेत, जर्मनीत..." मुलीचे वडील प्रभावित, काका प्रभावित, मी पोह्यातले शेंगदाणे मोजतोय. मुलगी तेव्हाच्या औरंगाबादला एका सीएकडे आर्टिकलशिप करत होती. आम्हाला बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं, तर तिचा पहिलाच प्रश्न, "त्यातल्या पैसे किती जणांनी दिले?"

"दोनशे बारा," मी म्हणालो.

तिने मनातल्या मनात हिशोब केलेला मला स्पष्ट दिसला. कमिशन जाऊन एका प्रतीमागे अकरा डॉलर धरले, तरी तीन वर्षांत एक लाखाच्या आसपास. महिन्याला तीन हजारही नाहीत. "मग नोकरी सोडणार म्हणजे नेमकं काय सोडणार?" ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. ते स्थळ जमलं नाही. पत्रिका जुळत नाही, असं कारण आलं.

परतीच्या एसटीत अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटरला उभ्या जन्मात हात लावलेला नाही. शांतपणे म्हणाले, "यार्डात गाड्या किती लागल्या ते कोण विचारतं रे? काट्यावर टन किती भरले, त्याचं बिल निघतं."

नोकरी सोडली नाही. पण काट्याकडे मात्र बघायला लागलो. ज्या दोनशे बारांनी पैसे दिले होते, त्यांच्या ई-मेल पुन्हा वाचून काढल्या. बहुतेक पन्नाशी-साठीची माणसं. कॅनडातल्या एका आजींनी लिहिलं होतं की एकेका लेव्हलला त्या चहाचा अख्खा कप संपेपर्यंत नुसत्या बघत बसतात. इथे माझी ट्यूब पेटली. कोडं सोडवणारा माणूस बराच वेळ काहीच करत नसतो, विचार करत असतो. त्याला घड्याळ लावलं तर साठ मिनिटांत बिचारा पाचव्या लेव्हललाच असतो. रिअलआर्केडसारख्या त्या वेळच्या बड्या पोर्टल्सवर साठ मिनिटांची ट्रायल सर्रास होती, म्हणून सगळे तेच करत होते. मी घड्याळ काढलं. पहिल्या वीस लेव्हल्स कितीही वेळ फुकट, आणि एकविसावी नुसती दिसेल, गाड्या हलणार नाहीत. पुढच्या एका वर्षात १४० प्रती गेल्या. त्या वर्षी डाउनलोड उलट कमी झाले होते.

मोठ्यांचीही तीच कथा. २००८ मध्ये काइल गॅब्लर आणि रॉन कार्मेल या दोघांचा 'वर्ल्ड ऑफ गू' आला, अप्रतिम कोडं. त्यावर कसलंही कुलूप नव्हतं. महिनाभरातच त्यांनी अंदाज जाहीर केला, खेळणाऱ्यांतले सुमारे ९० टक्के चोरीच्या प्रतीवर आहेत. पुढच्या वर्षी वाढदिवसानिमित्त त्यांनी 'किंमत तुम्हीच ठरवा' अशी योजना काढली. आठवड्याभरात सुमारे ५७ हजार लोकांनी पैसे दिले, आणि सगळ्यात जास्त लोकांनी निवडलेली किंमत होती एक सेंट! २०१५ मध्ये 'मॉन्युमेंट व्हॅली'वाल्यांनी सांगितलं की अँड्रॉइडवरच्या इन्स्टॉलपैकी फक्त ५ टक्के पैसे देऊन झालेत, आयफोनवर ४० टक्के. लगेच चोर-चोर अशी ओरड झाली, तर त्यांनीच खुलासा केला, बाबांनो, एकच माणूस दोन-तीन उपकरणांवरही टाकतो, सगळेच काही चोर नाहीत. मला माझा चुलतभाऊ आठवला.

न देणाऱ्यांवर चिडणारे मित्र माझ्या ओळखीत आहेत. मला ते जमत नाही. चाळीस हजारांतल्या कितीजणांनी फाईल उघडली, कितीजणांकडे डॉलरमध्ये पैसे भरायला कार्ड होतं, कितीजण मुळात माणसं होते? जो गिऱ्हाईक कधी नव्हताच, त्याच्या नावाने उधारी कशी लिहायची? पैसे देणारे मात्र बोलायचे. कॉम्प्युटर बिघडला, कोड हरवला, सदतिसावी लेव्हल सुटतच नाही, नातवाने सोडवून दाखवली... डाउनलोड करून गेलेल्यांपैकी एकानेही कधी साधी शिवीसुद्धा पाठवली नाही.

२०१३ मध्ये मी विक्रीचं पान बंद केलं. नव्या विंडोजवर गेम नीट चालेना आणि घरात लेक रांगायला लागली होती. ज्यांच्याकडे कोड होते त्या सगळ्यांना मेल पाठवून कायमचा खुला कोड दिला. आजींकडून उत्तर आलं नाही.

मागच्या वर्षी सहज शोधलं, तर कुठल्याशा जुन्या डाउनलोड साइटवर तो अजून आहे. पाच तारे, 'ट्रायल आवृत्ती', किंमत १२.९५ डॉलर. शेजारी काउंटर. मी डाउनलोडवर क्लिक केलं, पान पुन्हा उघडलं, आणि आकडा एकाने वाढला होता.