एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

म्हणजे १४२८५७. (आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना ‘सत्तावन्न’ म्हणजे किती, हे डोंबिवलीला आजीला फोन करून विचारावं लागतं!) याला २ ने गुणा, २८५७१४. ३ ने, ४२८५७१. सहापर्यंत तेच आकडे, त्याच क्रमाने, फक्त गोल फिरलेले. आणि ७ ने? धाडकन ९९९९९९! कारण १ ला ७ ने भागताना १ ते ६ सगळ्या बाक्या एकाच फेरीत येतात. गुणलं की फेरी दुसऱ्या बाकीपासून सुरू होते, एवढंच.

पण मित्रांनो, आता वर्ग करा: २०४०८१२२४४९. तोडा. २०४०८ + १२२४४९ = पुन्हा १४२८५७! अशा संख्यांना जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. शाळा आपल्या ठाण्यात, मग देवळालीला मास्तरकी. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही. १९६२ ला रिटायर झाल्यावर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घ्यायचे. संख्यांचा नाद मात्र सुटला नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं, तेव्हा कुठे बाहेर नाव झालं.

आम्ही एम-वन, एम-टू, एम-थ्री करतो, पण मार्कांशिवाय एक गणित सोडवलेलं आठवत नाही. रूममेटने विचारलंच, “यात स्कोप काय?”

सध्या ती ७०३ चा वर्ग करतेय.