दाणा

विज्ञान शाखेचा मित्र खोलीवर असला, की आम्हा कलाशाखेच्या मंडळींना दोन-चार शब्द फुकटात मिळतात. असाच मिळालेला एक शब्द म्हणजे ‘कॉकस’. जीवाणूंच्या पुस्तकात त्याचा अर्थ गोलाणू, तर कीटकांच्या पुस्तकात खवले कीड! मुळाशी गेलो, तेव्हा हाती लागला एक साधा दाणा. ग्रीक ‘कोकोस’ म्हणजे दाणा, बी.

भूमध्य समुद्राकाठी ओकच्या फांद्यांना चिकटून बसणारी एक कीड दाण्यासारखी दिसे. तिच्यापासून तांबडा रंग निघे. अरबांनी तिला ‘किर्मिझ’ म्हटले. फारसी ‘किर्म’ आणि आपला ‘कृमी’ ही भावंडेच. म्हणजे आपण किरमिजी लुगडे म्हणतो, तेव्हा नकळत किड्याचेच नाव घेतो! १७५८ मध्ये लिनीअसने खवले किडींच्या एका वंशाला ‘कॉकस’ हे नाव दिले. पुढे १८७४ मध्ये बिलरोथ या शल्यविशारदाने माळेसारख्या गोल जीवाणूंना ‘स्ट्रेप्टोकॉकस’ म्हटले.

आमच्या खालापूरच्या परसात आंब्याच्या पानांवर खवले कीड दिसते. सोंड खुपसून एका जागी बसायचे नि रस प्यायचा, एवढाच तिचा उद्योग. तिच्या गोड, चिकट स्रावावर मुंग्या येतात, पाने काजळी धरतात. तिच्याच गोतातली दुसरी पळसावर, कोशिंबावर लाख करते आणि ती सोनाराच्या पोकळ दागिन्यांत जाऊन बसते.

दुसरा दाणा आमच्या घरी न दिसता आला. लहानपणी ताईचा घसा सारखा धरायचा. पावसाळ्यात घसा दुखायचाच, म्हणून मीठ-हळदीच्या गुळण्या. मग एका वर्षी तिचे सांधे सुजले, आणि हृदयाची झडप बिघडल्याचे कळले. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकसशी लढताना शरीर स्वतःच्याच हृदयावर उलटते, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी खोपोलीला जाऊन पेनिसिलिनचे इंजेक्शन. आई कॅलेंडरवर खुणा करते.

पानावरचा दाणा दिसला, की आई साबणाच्या पाण्याने पाने पुसून काढते. घशातला दाणा कुणाला दिसणार? दही लावणाऱ्या जीवाणूंतही गोलाणू आहेतच. नावाने रूप कळले, गुण नाही.

आता आळीतल्या कुणा पोराचा घसा दुखून ताप आला, की आई गुळण्यांवर थांबत नाही. त्याच्या आईला चार शब्द सुनावते आणि त्याला डॉक्टरकडे धाडते. ‘कॉकस’ हा शब्द तिने कधी ऐकलेला नाही.