आधी खूर पाहावा

सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठच्या मातीत छान दुडकणारे तट्टू घरी आणल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुढच्या एका पायाने लंगडू लागते. दत्तजयंतीनंतरच्या दिवसांत ही तक्रार घोड्यांच्या डॉक्टरांच्या ओळखीची असते. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेनंतरही तेच. अशा वेळी मालकाच्या डोक्यात दोनच प्रश्न असतात: विकणाऱ्याने गंडवले का, आणि इंजेक्शन कोणते द्यायचे. दोन्ही प्रश्न मला समजतात. पैसे नुकतेच गेलेले असतात, माथेरानला घोड्यावर फिरणाऱ्यांची नाताळची गर्दी तोंडावर असते, घरातली पोरे तट्टाचे नाव ठेवून मोकळी झालेली असतात. तरीही दोन्ही प्रश्न क्षणभर बाजूला ठेवावेत आणि आधी खूर पाहावा, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या काही दिवसांतले लंगडणे बहुतेक वेळा खुरातले असते, ते बहुतेक वेळा त्या आठवड्यात झालेल्या बदलांतून आलेले असते, आणि वेदना दाबून टाकली की दुखते कुठे हे सांगणारी सर्वांत महत्त्वाची खूण आपण आपल्या हाताने पुसतो.

खुरातच का, याचे उत्तर घोड्याच्या बांधणीत आहे. उभ्या घोड्याच्या वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या दोन पायांवर असतो. दुडकी चालीत तो भार क्षणभर एकेका पुढच्या पायावर येतो, आणि तो पेलणारा तळ माणसाच्या तळहाताएवढा. शिवाय खूर ही बंद डबी आहे. आपल्या बोटाला लागले तर बोट सुजते, सूज पसरायला जागा असते. खुराच्या आत थोडा जरी पू झाला तरी बाहेरची कठीण भिंत सरकत नाही, दाब आतल्या नाजूक पडद्यांवर येतो आणि हरभऱ्याएवढ्या पुवाने जनावर पाय टेकवेनासे होते. जुनी मंडळी इथे एक शंका काढतात, आणि ती टाळण्यासारखी नाही. त्यांच्या मते खोट खांद्यात असते: हात फिरवला की खांदा खोलगट लागतो, तिथले मांस झडलेले दिसते. निरीक्षण खरे आहे. पण पाय दुखतो म्हणून जनावर तो जपून वापरते, आणि वापर कमी झालेला स्नायू काही आठवड्यांत झडतो. प्लास्टर काढल्यावर माणसाची पोटरी बारीक दिसते तसेच हे. म्हणजे खोलगट खांदा बहुधा दुखण्याचे कारण नसतो, जुन्या दुखण्याची खूण असतो. तो दिसला तर उलट एवढे कळते की हे लंगडणे तीन दिवसांचे नाही. खांद्याला तेल चोळण्यात आठवडा जातो आणि खुरातला पू वाट शोधत वर सरकतो, खुराच्या वरच्या कडेशी, केस सुरू होतात तिथे फुटतो.

आता त्या आठवड्यात जनावराचे काय काय बदलले ते पाहू. यात्रेला राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून घोडे येतात. ट्रकमध्ये तोंड बांधून तासन्‌तास चारही पाय ताणून उभे राहायचे, प्रत्येक ब्रेकला तोल सावरायचा, उतरताना फळीवरून घसरायचे. यात्रेत विकायच्या आधी किंवा घरी आणल्यावर लगेच नवे नाल ठोकले जातात. खिळा आतल्या जिवंत भागात घुसला तर जनावर तिथल्या तिथे पाय ओढते. पण खिळा जिवंत भागाच्या नुसता शेजारून गेला असेल तर तो दाब दोन-चार दिवसांनी दुखू लागतो, आणि तोवर नालबंद निघून गेलेला असतो. मग येते जमीन. नदीकाठची भुसभुशीत माती तळव्याचे दुखणे झाकते. तेच जनावर डांबरी रस्त्यावर किंवा दगडी फरशीवर आणले की उघडे पडते. (शिरेच्या, म्हणजे कंडरेच्या, दुखण्याचे बरोबर उलटे असते: ते मऊ, खोल मातीत जास्त दिसते. म्हणून दोन्ही प्रकारच्या जमिनीवर चालवून पाहण्याला अर्थ आहे.) माथेरानला घोड्यांच्या पायाखाली तांबडी माती असावी की पेव्हर ब्लॉक, हा वाद न्यायालयापर्यंत गेला, त्यातही खूर आणि जमीन यांचे हेच नाते आहे. आणि शेवटचा बदल खाण्याचा. विकायचे जनावर गुबगुबीत दिसावे म्हणून चंदी वाढवलेली असते; नवा मालक कौतुकाने आणखी हरभरा, बाजरी आणि वर गूळ घालतो. तो गूळ खुरात उतरतो, हे ऐकायला विचित्र वाटते, पण त्याकडे पुढे येतोच.

आधी कोणता पाय ते ठरवायचे. चालीवर कळत नाही, दुडकीवर कळते, कारण दुडकीत दोन्ही बाजूंचे ठोके सारखे पडायला हवेत. मोतद्दाराने दोर सैल धरून कठीण, सपाट जमिनीवर सरळ पळवावे. दोर आवळून धरला तर डोके हलत नाही, आणि सगळी खूण डोक्यात असते: पुढचा दुखरा पाय टेकताना डोके वर जाते, चांगला पाय टेकताना खाली येते. बघणारे पुष्कळदा याच्या उलट वाचतात आणि चांगल्या पायावर उपचार होतो. मागच्या पायाचे दुखणे असेल तर मागून उभे राहून कमरेची दोन्ही हाडे पाहावीत. दुखऱ्या बाजूचे हाड जास्त वरखाली होते. पाय ठरला की घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटे ठेवून नाडी पाहावी. निरोगी पायात ती शोधावी लागते. खुरात आग असेल तर ती बोटाखाली ठणठण उडते. मग खूर उचलायचा. आकडीने शेण-माती काढायची, पुतळीच्या खाचा उघड्या करायच्या. ओल्या तबेल्यात उभ्या असलेल्या जनावराच्या या त्रिकोणी मऊ भागातून काळा, घाण वासाचा स्राव येतो; नाक जवळ नेले की निदान झाले. मग चिमट्याने तळव्याच्या कडेकडेने, एकेका खिळ्यापाशी दाब द्यायचा. एका जागी जनावर पाय हिसकते. दोनदा, तीनदा त्याच जागी हिसकले की तिथला खिळा पकडीने सावकाश उपटायचा आणि तो ओला आहे का, काळा आहे का, त्याला वास आहे का, हे पाहायचे. नाल काढून तळवा आणि भिंत यांच्या मधली पांढरी रेघ सुरीने स्वच्छ केली की एखाद्या जागी काळा ठिपका दिसतो. तो ठिपका खोल जात असेल तर त्याच्या टोकाला करडा, पातळ पू असतो.

तो काढायचे काम डॉक्टरांचे किंवा त्यांच्या देखरेखीखालच्या अनुभवी नालबंदाचे. उत्साहाने तळवा खरवडून काढला तर बरे व्हायला महिने जातात. भोक लहान हवे, पण वाहते हवे. नंतर कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून शेक, कोंड्याचे पोटीस, स्वच्छ पट्टी. आणि धनुर्वाताची लस, जी आपल्याकडे सर्रास विसरली जाते. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडणारा प्राणी आहे आणि खुरातली जखम हा त्या रोगाचा नेहमीचा दरवाजा आहे. यात्रेतून घेतलेल्या जनावराला आधी लस दिली होती का हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही, तेव्हा दिलेली नाही असेच धरून डॉक्टरांना विचारावे.

तट्टाच्या बाबतीत एक दुखणे वेगळे काढून सांगायला हवे, कारण त्यात नेहमीचे शहाणपण उलटे पडते. दोन्ही पुढचे पाय पुढे टाकून, वजन मागे रेलून उभे राहणारे, वळताना अडखळणारे, दोन्ही खूर गरम असलेले तट्टू लंगडते आहे असे चटकन वाटतच नाही. दोन्हीकडे सारखेच दुखत असल्यामुळे डोके हलत नाही, नुसते जखडलेले दिसते. लोक म्हणतात, प्रवासाने आखडले आहे, फिरवा म्हणजे मोकळे होईल. हे फिरवणे घातक आहे. यात खुराची भिंत आतल्या हाडाला जोडणारे पापुद्रे सुजलेले असतात आणि प्रत्येक पावलागणिक ते हाड भिंतीपासून सुटत जाते. लहान चणीच्या घोड्यांचे शरीर साखर आणि दाणा मोठ्या घोड्यांपेक्षा कमी सोसते, आणि मघाशी म्हटलेला गूळ खुरात उतरतो तो असा. दाणा आणि गूळ त्याच क्षणी बंद, फक्त वाळले गवत, पायाखाली वाळूचा जाड थर, पहिले दोन-तीन दिवस खूर बर्फाच्या पाण्यात, आणि डॉक्टर त्याच दिवशी.

विकत घेताना हे कळले नसते का? पुष्कळसे कळले असते. खुराची भिंत महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढते. टोकापाशी वरून जमिनीपर्यंत पोचायला जवळजवळ वर्ष लागते. म्हणजे बाजारात उभ्या असलेल्या प्रत्येक तट्टाच्या चार खुरांवर त्याच्या सरत्या वर्षाचा जमाखर्च लिहिलेला असतो. आडव्या रेघा एकमेकींना समांतर असतील तर तो बहुधा ऋतू किंवा चारा बदलल्याचा माग. पुढे जवळ आणि टाचेकडे फाकत गेलेल्या रेघा सांगतात की पापुद्रे सुजण्याचे ते दुखणे या जनावराने आधी एकदा भोगले आहे. दोन पुढच्या खुरांपैकी एक अरुंद आणि उभट असेल तर त्या पायावर बराच काळ कमी भार पडलेला आहे. पण आपल्या बाजारात केसांच्या भोवऱ्यांतला देवमण कुठे, गोम कुठे, भोवरा शुभ की अशुभ, यावर तासभर खल होतो आणि खूर एकदाही उचलला जात नाही. ज्या मराठी मुलखात स्वारांना घोड्यांसाठी मिळणाऱ्या आगाऊ रकमेलाच नालबंदी म्हणत, तिथे असे व्हावे याचे मला खरेच वाईट वाटते.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. हंगामावर पोट असलेला अश्वपाल म्हणतो, विश्रांतीचा सल्ला पगारदाराने द्यावा; इथे रोजच्या फेऱ्यांवर घर चालते, एक सुई दिली की जनावर चालते, मग हरकत काय? हरकत हिशेबाचीच आहे. पुवाचे तोंड मोकळे झाले तर एक-दोन दिवसांत आराम पडतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत जनावर कामाला लागते. तेच सुईवर आठ दिवस पळवले तर पू सांध्याकडे किंवा हाडाकडे जाऊ शकतो, आणि मग हंगामच काय, जनावरही हातचे जाते. वेदनाशामक औषधांना माझा विरोध नाही. निदान झाल्यावर, डॉक्टरांनी मोजून दिलेले औषध ही दयाच आहे. फिनाईलब्यूटाझोन घोड्यांत जगभर वापरले जाते, पण मात्रा चढली की तट्टाच्या जठराला आणि आतड्यांना व्रण पडतात, मूत्रपिंडाला इजा होते. मेडिकलमधून आणलेले माणसांचे डायक्लोफिनॅक तर मुळीच टोचू नये: मेलेल्या जनावरांतून ते गिधाडांच्या पोटात गेले आणि भारतातली गिधाडे जवळपास संपली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. शिवाय दुखऱ्या जनावराला कामाला जुंपणे हा 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याआधी मला त्या तट्टाच्या पाठीवर बसलेले लहान मूल दिसते. वेदना दाबलेले जनावर उतारावर कुठे अडखळेल हे त्याला स्वतःलाही कळत नाही.

डागणीवाल्यांचा आक्षेप वेगळा आहे: तापलेल्या सळीने डाग दिलेली जनावरे बरी झालेली आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. पाहिली असतील. डाग दिल्यावर जखम भरेपर्यंत कित्येक आठवडे त्या जनावरावर कोणी खोगीर घालत नाही. बरे करणारी गोष्ट ती विश्रांती आहे. श्रेय सळीला मिळते. तीच विश्रांती न भाजताही देता येते.

राहिला फसवणुकीचा प्रश्न. यात्रेत सुई देऊन उभे केलेले जनावर औषध उतरल्यावर एक-दोन दिवसांत लंगडते, हे खरे आहे. संशय असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून रक्ताचा नमुना काढून घ्यावा, कारण नंतर शोधण्यासारखे औषध रक्तात उरत नाही. पण नुकताच ठोकलेला खिळाही नेमका त्याच दिवसांत दुखू लागतो. नाल न काढता विकणाऱ्याला शिव्या देणारा मालक कधी कधी आपल्याच नालबंदाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारत असतो, आणि परत करायच्या घाईत लंगडे जनावर पुन्हा ट्रकमध्ये चढवतो. ‘आधी खूर’ या नियमाला एक अपवाद मात्र तातडीचा: मागच्या पायावर सूज आणि ओळीने फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर तो ग्लँडर्स असू शकतो. तो माणसालाही होतो. अशा जनावराला वेगळे बांधून, उघड्या हाताने न शिवता, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे.

बरे झाले हे कसे ठरवायचे? औषध बंद होऊन काही दिवस गेलेले असावेत, नाल परत बसलेला असावा, नाडी पुन्हा शोधावी लागत असावी. मग तट्टाला पहिल्यांदा जिथे लंगडताना पाहिले त्याच कठीण रस्त्यावर सैल दोराने दुडकवावे, आणि पाठ फिरवून नुसत्या टापा ऐकाव्यात. दुखरा पाय हलका पडतो, त्याचा आवाज मऊ येतो. एक ठक, एक टप. दोन्ही ठक सारखे ऐकू आले की दुसऱ्या दिवशी सकाळी, अंग थंड असताना, पुन्हा एकदा ऐकावे, आणि खोगीर त्यानंतरच चढवावे.